लोकरीचं टोक

“तूच लाव झाड, आण्णा. मी नाय हात लावणार,” बर्नबा म्हणला, आन् चुलीपुढं पाट ओढून बसला.

माझ्या खांद्यावर सुरूची फांदी होती. फांदी कसली, झाडच ते, माझ्यापेक्षा हातभर उंच. कालव्याच्या कडंच्या ओळीतनं मालकाला विचारून तोडलेलं आन् खांद्यावर वाहून आणलेलं. डोळ्यात भुसा, मानेत काटक्या, आन् घरात पाय टाकतो तर हे ऐकायला.

मी म्हणलं, “का रं? साहेबांना काय वाजतगाजत आणू का झाडापाशी?”

“पाठ दुखती माझी.”

“पाठ दुखती तर हातानं कर. पाठीनं कोण सांगितलंय?”

तो हसला नाही. चुलीतलं लाकूड उगंच पुढं-मागं करत बसला.

आता बर्नबा माझा धाकटा भाऊ. ह्या माणसाला नाताळच्या झाडाचं केवढं वेड! शाळेत होता तवा पाळकसाहेबांच्या घरचं झाड बघून आला, आन् आमच्याकडं तर बाप गेल्यापासनं काहीच नाही. तर पठ्ठ्यानं बाभळीची फांदी आणली, आन् काट्या-काट्याला अंड्याची टरफलं खोचली. सगळी वाडी बघायला आली. पाळकसाहेब स्वतः आले. आन् तोच माणूस आता पाठ दुखती म्हणतो.

बर्नबा जेलातनं सुट्टीवर आलेला होता. पॅरोल. जन्मठेपेचा कैदी. पाण्याच्या बारीवरनं भांडण झालं, ह्यानं फावडं उचललं, समोरचा माणूस परत उठला नाही. त्याची पोरगी सलोमी तवा पाळण्यात होती. पोरीची आई वर्षभर राहिली, मंग माहेरी गेली, मंग दुसरीकडं नांदायला गेली. मी तिला नावं ठेवत नाही. पोर आमच्या आईनं आन् माझ्या बायकोनं वाढवली, आन् आता ती दुसरीत होती.

बर्नबाच्या सुट्टीला जामीन मी होतो. हा पळाला तर पोलीस मला धरणार, ते सोडा. मी यारीवाला माणूस, जल्म विहिरीतला गाळ उपसण्यात गेला, मला कोंडून कोणाला काय मिळणार? पण ह्याचं काय? धरला तर सुट्टी बंद, माफी बंद, कधी सुटंल देव जाणे. आन् नाही धरला, तर पोरीचं तोंड परत बघायला मिळणार नाही. फरारी माणसाच्या घरावर पोलिसाचा डोळा असतो, तिथं तो कसा येणार?

आन् माझ्या मनात हे वाटंभर घोळत होतं. त्याला कारण होतं. सुरू तोडायला गेलो तवा फाट्यावर पंक्चरवाल्यापाशी रघूचा ट्रक बघितला. रघू म्हणजे बर्नबाचा लंगोटीयार. सुरतेच्या लायनीवर गाडी चालवायचा. एरवी लांबनं दिसला तरी ओरडायचा, “काय आण्णा, पाताळात पोचला का?” आज त्यानं मला बघितलं आन् टायर बघायला खाली वाकला. टायर चांगला होता.

मी विचारलं, “कधी निघणार रं?”

“दिवस मावळल्यावर,” तो टायरलाच म्हणला.

आता घरात चुलीच्या उजेडात मी बर्नबाकडं बघितलं, तर कॉलरच्या आत दुसरी कॉलर. दोन शर्ट घातले होते एकावर एक. थंडी म्हणावी तर आम्ही दोघंबी घामानं निथळत होतो.

बोलून काय? झाड पुढल्या खोलीत नेलं.

तेवढ्यात सलोमी वाळूची बादली ओढत ओढत आली. फ्रॉक मागनं सगळा ओला.

“आण्णा, वाळू ओली आणलीये. कोरड्या वाळूत झाड लोळतं, आजी म्हणली.”

“आजीला सगळं ठाऊक. धर बुडख्याला.”

आम्ही दोघांनी झाड बादलीत रोवलं. मी वर, ती खाली. मुरूम टाकून ठोकलं. कोपऱ्यात उभं राहिलं ते, पण सुरूचं झाड तुम्हाला ठाऊक आहे, अंगात जोर नसल्यासारखं. पानं कसली, केसंच ते. काही अडकवावं तर घसरून खाली येतं. सलोमीनं पत्र्याचा डबा उघडला. त्यात मिशनच्या मडमबाईंनी मायदेशी जाताना दिलेले काचेचे गोळे होते, किती तरी फुटलेले. एक-एक गोळा ती दोऱ्यानं गाठ मारून बांधायला लागली.

मधीच तिनं आवाज दिला, “पप्पा! जेलात झाड लावतात का?”

चुलीत लाकूड सरकवल्याचा आवाज आला. मंग तो म्हणला, “लावतात.”

“सुरूचं?”

“सुरू कुठनं आणायचं? लिंबाची फांदी असती. आम्ही सातआठ जण आहोत ख्रिस्ती. विणकामाच्या शेडमधल्या सुताच्या गुंड्या लावतो.”

“आन् चांदणी?”

“चांदणी साहेब लावू देत नाहीत. वर चढायला लागतं ना.”

“का?”

“वर चढलं की भिंतीपल्याडचं दिसतं.”

सलोमीनं मान हलवली, बाईंनी गणित समजावल्यासारखी, आन् पुढचा गोळा घेतला.

आई मागच्या पडवीत करंज्या भरत होती. माझी बायको देवळात, म्हणजे आमच्या चर्चात, कोरसच्या प्रॅक्टिसला. आमच्या घरापासनं देऊळ हाकंच्या अंतरावर, पेटी ऐकू येत होती. आन् दारात सायकलची घंटी वाजली.

भोर हवालदार. सुट्टीवरचा कैदी घरात आहे का नाही, ते बघायला मधनं मधनं यायचे. माणूस वाईट नव्हता, पण डोळा घारीचा.

“हॅपी क्रिसमस! झाड झालं का?” खाटेवर बसले, टोपी मांडीवर. “आमचा पाहुणा कुठंय?”

मी चुलीकडं बघितलं. पाट रिकामा.

“बर्नबा!” मी हाक मारली.

काही नाही.

“बर्नबा! हवालदार साहेब आलेत!”

भोर हवालदारांनी मांडीवरची टोपी उचलली, पण डोक्यावर घातली नाही. हातातच धरून बसले. मला वाटलं, यारीचा दोर तुटलाय आन् माणूस खाली आहे. सलोमी स्टुलावर उभी होती. ती माझ्याकडं बघत नव्हती, परसातल्या दाराकडं बघत होती.

आई आतनं म्हणली, “परसात गेलाय. पोट बिघडलंय त्याचं. माणसाला परसात जायला बी पोलिसाची परवानगी लागती का आता?”

“तसं नाय आजी—”

“मंग करंजी खा.”

आईनं ताट पुढं केलं, हवालदारांनी पहिल्या घाण्यातली करंजी उचलली. तोवर बर्नबा मागच्या दारातनं आला, तोंड धुतलेलं, हनुवटीवरनं पाणी गळत. हवालदार उठले, त्याच्यापाशी गेले, आन् दोन बोटांनी कॉलर वर केली.

“दोन-दोन शर्ट? थंडी वाजती का रं?”

“वरचा नाताळाचा. नवा,” बर्नबा म्हणला. “आतला जुना.”

“मंग जुना काढून ठेव की.”

“धुवायला दुसरा नाय. आंघोळ करून काढतो.”

हवालदारांनी करंजीचा तुकडा चावला, खोबरं मिशीला लागलं. मंग झाडाकडं बघून म्हणले, “अजून उघडंच हाय तुमचं झाड. लवकर सजवा. पोरांना घेऊन येतो मी बघायला. पोरं मागं लागलीत.” आन् सायकलवर टांग टाकली. जाताना बर्नबाकडं बघून एवढंच बोलले, “घरी ऱ्हा बरं का.”

मी पडवीत आईपाशी गेलो. आवाज खाली करून म्हणलं, “पोट बिघडलंय म्हणतीस, मला म्हणला पाठ दुखती.”

“कशाला पाठ दुखती?”

“झाडाला हात लावायचं नाय म्हणतो.”

आईचा हात सारणात होता तसाच थांबला. माझ्याकडं बघत राहिली. मंग हळूच म्हणली, “हात लावायचं नाय म्हणला? तो?”

“व्हय.”

“मंग तो उतरवायच्या दिवशी इथं नाय.”

तवा माझ्या डोक्यात उजेड पडला. आमच्या घरात एक रीत होती. ज्याच्या हातानं झाड सजलं, त्याच्याच हातानं नव्या वर्षात उतरायचं. दुसऱ्यानं उतरवलं तर लावणाऱ्याला वाईट. आमच्या बापानं एकदा झाड सजवलं, आन् नवं वर्ष बघायला तो राहिला नाही. आईनं कोणाला झाडाला बोट लावू दिलं नाही. वाळून खडखडीत झालं, पण पार ईस्टरपर्यंत कोपऱ्यात उभं होतं. बर्नबा तवा एवढासा. तो त्या झाडापाशी झोपायचा.

तर आता पळून जायचं मनात धरून तो झाडाला हात कसा लावणार? बाकी सगळं खोटं बोलंल, हे नाही बोलू शकला.

मी चुलीपाशी गेलो. बर्नबा पायात बूट घालत होता. मी परसातल्या दारात उभा राहिलो, दोन्ही हात चौकटीला.

“रघूचा ट्रक फाट्यावर कामून उभाय?”

त्यानं वर बघितलं नाही. लेस बांधत राहिला.

“आण्णा, बाजूला हो.”

“नाय व्हत.”

“तुला जामिनाचं भ्या वाटतंय.”

“थोबाड फोडीन! मला भ्या कशाचं वाटतंय ते तुला सांगू का?”

“हळू बोल,” तो म्हणला. पुढच्या खोलीत सलोमी गुणगुणत होती. तो उठला. माझ्यापेक्षा वीतभर उंच. “आण्णा, आत ऱ्हाणं जमतं मला. खरंच जमतं. काम करतो, जेवतो, झोपतो. पण सुट्टी संपायच्या सकाळी चपला घालायच्या, आन् त्या पोरीनं दारात उभं राहून बघायचं, ते मला जमणार नाय. मागच्या खेपेला तिला झोपेत ठेवून निघालो. तरी महिनाभर भाकर गिळंना. आता ती मोठी झाली. जागी असंल.”

“आन् पळालास तर ती काय झोपणार हाय का?”

“बघायला तर मी नसंन.”

मी त्याचं मनगट धरलं. त्यानं झटका दिला. मी परत धरलं. चुलीवरचा तवा खाली पडला, मोठा आवाज झाला. पलीकडचं गुणगुणणं थांबलं.

“शांतवन,” आई मागनं मला म्हणली. “दार सोड.”

“आई, तुला कळतंय का हा—”

“सगळं कळतंय. सोड म्हणते ना. घोड्याएवढ्या माणसाला तू किती वेळ धरशील? संडासला जाताना बी धरशील का?”

मी सोडलं. माझ्या हातात त्याच्या मनगटाचा घाम होता.

आई त्याच्यापुढं आली. हाताला कोपरापर्यंत मैदा. “जायचं तर जा. पण परसातनं नाय. तू आजवर चोरी केली नाय. पुढल्या दारानं जा, आन् पोरीला सांगून जा.”

“आये—”

“मी काय लई मागितलं का?”

तो परसाच्या दारापासनं मागं फिरला. मंग पुढल्या खोलीत गेला. मी मागं. बाहेर ऊन पिवळं पडलं होतं, कौलातनं तिरीप झाडावर आली होती आन् ते दोनचार गोळे चमकत होते.

सलोमीच्या हातात लोकरीचा गुंडा होता. लाल लोकर, जुन्या स्वेटरची उसवलेली, आन् हात-हातभर अंतरावर चांदीच्या कागदाचे तुकडे बांधलेले. दिवाळीपासनं करत होती ती. पानाच्या टपरीवरनं सिगारेटीच्या पाकिटातले कागद गोळा करायची, आन् तिथनं हाकलली की दुसऱ्या टपरीवर.

“सलू,” बर्नबा म्हणला, “मी जरा फाट्यापर्यंत—”

“पप्पा, तू उंच हाय. हे टोक धर.”

“ऐक तर खरं.”

“धर आधी. मंग सांग. वर, पार शेंड्यापाशी धर. मी फिरते. सोडलंस तर सगळं घसरून खाली येतं, मी आन् आण्णानं दोनदा करून बघितलं.”

खरं तर आम्ही एकदाबी करून बघितलं नव्हतं.

बर्नबानं माझ्याकडं बघितलं. मी खाटेवर बसलो. आई उंबऱ्यात उभी. त्यानं हात वर केला, आन् लोकरीचं टोक शेंड्याला लावून चिमटीत धरलं.

पोरगी फिरायला लागली. झाडाभोवती, भिंतीच्या सांदीतनं अंग चोरून, परत पुढं. गुंडा हळूहळू उलगडत होती. एक फेरा झाला की लोकर बोटानं नीट बसवायची, मंग पुढचा. देवळातली पेटी थांबली होती.

फाट्यावरनं हॉर्न वाजला.

रघूचा हॉर्न आख्ख्या पंचक्रोशीला ठाऊक. तीन सुरांचा, लांब. बर्नबाचा खांदा हलला. लोकर थरथरली, कागदाचे तुकडे लकाकले. पण चिमूट सुटली नाही.

“हलू नको ना,” सलोमी म्हणली. वर न बघता.

“सलू, मला जायचंय.”

“होऊ दे की.”

ती फिरत होती. गुडघ्याएवढ्या उंचीवर आली, मंग वाकून फिरायला लागली. परत हॉर्न. ह्या खेपेला दोनदा. बर्नबाच्या कपाळावरनं घाम डोळ्यात जात होता, दुसरा हात मोकळा होता, पण पुसत नव्हता. मला वाटलं आता सोडतो. आत्ता सोडतो. मी खाटेची कड धरून बसलो होतो. उठून काय करणार होतो, मला ठाऊक नाही.

तवा मला दिसलं. बुडाशी, बादलीच्या काठावर, लोकरीचं खालचं टोक लोंबत होतं. सुटं. गुंडा संपला होता.

आन् पोरगी फिरतच होती. मूठ मिटलेली, हात पुढं धरलेला, लोकर उलगडत असल्यासारखा. मुठीत काही नाही. भिंतीच्या सांदीत गेली, पुढं आली. परत गेली. मधीच थांबून नसलेली लोकर बोटानं नीट बसवली.

मी आईकडं बघितलं. आईनं बघितलं होतं. पदर तोंडात धरला होता तिनं.

मंग मी बर्नबाकडं बघितलं. तो वरनं खाली बघत होता. पोरीच्या रिकाम्या मुठीकडं. तिथनं त्याला सगळं दिसत होतं, आमच्यापेक्षा चांगलं. ती त्याच्या पायाशी आली, त्याच्या बुटाला वळसा घालून गेली, आन् त्यानं पाय जरा आत घेतला, तिला वाट द्यायला.

खोलीत अंधारत आलं. तिच्या पायांचा घासत चाललेला आवाज, तेवढाच.

तिसऱ्यांदा हॉर्न वाजला, लई लांब. मंग इंजिनाचा आवाज आला, गिअर पडल्याचा. घाटाच्या अंगानं चढत चढत बारीक होत गेला, आन् संपला.

पोरगी आणिक दोन फेरे फिरली. मंग थांबली. खाली वाकली, बादलीवरचं टोक उचललं, फांदीला बांधलं, आन् म्हणली, “झालं. आता वरचं बांध, पप्पा.”

त्याला बांधता येईना. हात एवढा वेळ वर, मुंग्या आल्या होत्या बोटांना. मी उठलो, तशी आई म्हणली, “बस तू. त्याचं त्याला करू दे.”

दात लावून त्यानं गाठ मारली. वरचा शर्ट काढून खुंटीला अडकवला. आन् मंग डब्यातले राहिलेले गोळे एक-एक करून तो लावायला लागला, आन् सलोमी त्याला शिकवायला लागली, इथं नको, तिथं लाव. आई दिवा लावून राहिलेल्या करंज्या तळायला गेली. भोर हवालदार पोरांना घेऊन आले तवा सगळं झाड लाल न् चांदीचं झालं होतं. हवालदारांनी आधी झाड बघितलं का आधी बर्नबाला, ते मी सांगत नाही.

नव्या वर्षात झाड त्यानंच उतरवलं. निघायच्या सकाळी पोरगी दारात उभी राहिलीच नाही. दप्तर घेऊन आमच्याबरोबर फाट्यापर्यंत आली, शाळेत निघाल्यासारखी. एस्टी आली, तो चढला, तिनं हात केला आन् शाळेकडं वळली.

जेलच्या फाटकापाशी बर्नबा मला म्हणला, “आण्णा, आता परत जामीन ऱ्हाऊ नको.”

“का रं?”

“मी मधी नाय येणार. सगळं संपवूनच येतो. अशी मूठ मिटून तिनं परत फिरायला नको.”

“अजून सात वर्षं हायेत, लेका.”

“ठाऊक हाय.”

“पोरीला काय सांगू?”

“जसं हाय तसं.”

मी घरी आलो. सलोमी अंगणात भुईमुगाच्या शेंगा फोडत होती. मी जसं होतं तसं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, बोटं मोजली.

“मंग मी नववीत असंन,” म्हणली, आन् पुढची शेंग फोडली.

पण जेलच्या साहेब लोकांनी त्याच्या वागण्यावर खूष होऊन माफी दिली. आठवीचा निकाल लागायचा होता तवाच तो आला. भर उन्हात, हातात एक पिशवी. पोरगी अंगणात खाटेवर पापड वाळत घालत होती, माझ्या खांद्याला लागायला आलेली. आवाज झाला तशी वर बघितलं. उठली नाही. हाताचं पीठ ओढणीला पुसलं, आन् त्याच्याकडं बघत बोटं मोजली.

“लवकर आलास,” म्हणली.